ऑझी, आजी आणि मंद्या

आई पहिल्यांदा मेलबर्नला आली तेव्हाची गोष्ट. जून महिना, म्हणजे इथली ऐन थंडी, आणि ती स्वेटरवर शाल, शालीवर माझं जॅकेट असं सगळं चढवून हीटरसमोर बसलेली. शेजारचा म्हातारा लिंबं द्यायला आला. (ज्याच्या परसात लिंबाचं झाड आहे तो माणूस इथे हिवाळ्यात पिशव्या भरभरून वाटत सुटतो, आपल्याकडे शेवग्याच्या शेंगा वाटतात तसं.) मुलगी तेव्हा चार वर्षांची, ती त्या गारठ्यात अनवाणीच दारात धावली, त्याच्याशी काहीतरी बडबडली, त्याने तिच्या उघड्या पायांकडे बघितलं आणि हसून म्हणाला की ही तर पक्की ऑझी आहे. तो गेल्यावर आई मला म्हणते, "तो हिला आजी का म्हणाला रे? आजी तर मी आहे ना."

मला हसू आवरेना. मग तिला सांगितलं की ऑझी म्हणजे ऑस्ट्रेलियन, लाडाने, शॉर्टमध्ये. तर तिचा पुढचा प्रश्न, "मग सरळ ऑस्ट्रेलियन म्हणायला काय त्यांची जीभ झिजते?"

तेव्हा मी हो म्हणून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न डोक्यात राहिला.

खरं तर मी स्वतः साताऱ्यात असल्यापासून "ऑसी" म्हणत आलो. आपण सगळेच म्हणतो. पेपरात ऑसी, टीव्हीवर ऑसी, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये तर चक्क दोन एस, मग माणूस दुसरं वाचणार तरी काय. इथे पहिल्याच नोकरीत एकदा लंच टेबलवर, जरा जवळीक साधावी म्हणून, मी ऑसी क्रिकेटचं भरभरून कौतुक करायला लागलो आणि समोरचे तिघं एका सुरात ओरडले, "ऑझी!" कौतुक राहिलं बाजूला, पुढची दहा मिनिटं माझा उच्चाराचा क्लास. ऑसी म्हणतात ते अमेरिकन लोक, असं मला समजावण्यात आलं, आणि ते ज्या आवाजात समजावलं त्यावरून अमेरिकनांसारखं बोलणं हा इथे गुन्हा नसला तरी फार लांबचाही नाही हे कळलं.

एस लिहायचा आणि झेड म्हणायचा ही यांची जुनीच खोड. टास्मानियाला प्रेमाने टॅझी म्हणतात, लिहिताना दोन एस. ब्रिस्बेनचं ब्रिझी, तेही दोन एस. प्रेझेंटचं प्रेझी, पोहायच्या कॉश्च्यूमचं कॉझी. एकदा कान बसला की सवय होते, पण मराठीत लिहायला गेलं की परत पंचाईत, कारण आपल्याकडे झ दोन आहेत, "माझा" मधला वेगळा आणि "माझी" मधला वेगळा, अक्षर मात्र एकच. ऑझीला जवळपास "माझा" मधला झ पाहिजे, पण पुढे ई दिसली की मराठी जीभ न विचारता "माझी" मधल्या झ वर जाते. म्हणजे आईचा कान काही फार चुकला नव्हता. मावशीने तर नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर "नात ओझी झाली म्हणे" असं लिहिलं होतं, ते मी सेव्ह करून ठेवलंय.

आता जीभ झिजण्याबद्दल. आईचा मुद्दा वरवर बघता बरोबर वाटतो, कारण इथे पूर्ण शब्द कुणी वापरतच नाही. आफ्टरनून म्हणजे आर्व्हो. पेट्रोल पंप म्हणजे सर्व्हिस स्टेशन, त्याचं सर्व्हो. ब्रेकफास्टचं ब्रेकी, बार्बेक्यूचं बार्बी, पोस्टमनचा पोस्टी, अँब्युलन्सवाला अँबो, प्लंबर-सुतार-इलेक्ट्रिशियन सगळे मिळून ट्रेडी, डास मॉझी. मॅकडोनाल्ड्सला सगळा देश मॅकाज म्हणतो, ते इतकं की २०१३ च्या जानेवारीत त्या कंपनीने काही दुकानांच्या पाट्याच बदलून "मॅकाज" करून टाकल्या. सुरुवातीला ट्रेनमध्ये दोघांचं बोलणं ऐकलं की मला वाटायचं ही बालवाडीतली पोरं आहेत की काय, आणि बघावं तर सहा फुटी, हातावर टॅटू, डोक्याला हेल्मेट लावलेले बांधकामवाले.

पण मग शेन वॉर्नचं काय? वॉर्न हे मुळातच एवढंसं नाव, त्याचं झालं वॉर्नी. लांबलंच की! स्मिथचा स्मिथी होतो, तोही लांबतो. म्हणजे हा आळस नाही. नाव कमी करायचं नसतं, हाताळून मऊ करायचं असतं, नवीकोरी चादर दोनदा धुतल्याशिवाय अंगावर घ्याविशी वाटत नाही तसं.

आणि हे मला कुणी नव्याने शिकवायची गरज नव्हती, कारण मी मंगळवार पेठेत वाढलोय. प्रकाशचा पक्या, संजयचा संज्या, दिलीपचा दिल्या, अनिलचा अन्या, आणि मी मंदार, म्हणून मंद्या. मुलींमध्ये सुमनची सुमी, मंगलची मंगी, शकुंतलाची शकी, म्हणजे तो ऑझीमधला ईकार आपल्याकडेही आहेच. इथे बॅरीचा बॅझा होतो, गॅरीचा गॅझा, डॅरेनचा डॅझा, शॅरनची शॅझा. मधला र जातो, जागी झ येतो, पुढे आ लागतो, आणि इथे झ अगदी "माझा" मधलाच! हा नियम पाणिनीला दाखवला असता तर त्याने आनंदाने सूत्र करून दिलं असतं.

फरक एवढाच की पक्या म्हणायला लायसन्स लागतं. शाळेत एका बाकावर बसलेला असावा, एका नळावर पाणी भरलेलं असावं, निदान एकमेकांच्या आयांनी दोघांना मिळून शिव्या घातलेल्या असाव्यात. परक्याने पक्या म्हटलं तर भांडण होतं, आणि तोच पक्या पन्नाशीत प्रकाशराव झाला, पतसंस्थेत संचालक वगैरे झाला, की गावात त्याला पक्या म्हणणारी चारच माणसं उरतात आणि ती चार माणसं त्या हक्काला फार जपतात. इथे लायसन्सची भानगडच नाही. आमच्याकडे गीझर दुरुस्त करायला आलेल्या ट्रेडीने नाव विचारलं, मी म्हटलं मंदार, त्याने मान डोलावली आणि पुढच्याच वाक्यात मी मॅन्डो होतो. "मॅन्डो, मेट, जरा टॉर्च धर." मला खरंच राग आला होता. ओळख ना पाळख. पण पुढे ऑफिसातही मॅन्डो झालं, क्रिकेट क्लबातही मॅन्डो, आणि एक दिवस मॅनेजरने मीटिंगमध्ये "मंदार" अशी पूर्ण हाक मारली तर माझ्या पोटात गोळा आला की आता काय चुकलं बाबा.

टोपणनावांचा हा सोस आपल्याला आधीच माहीत असायला हवा होता, कारण आमच्या पिढीची ऑस्ट्रेलियाशी ओळख डिसेंबरातल्या पहाटे पाचला, गोधडीत बसून, टीव्हीचा आवाज बारीक करून झालेली. मेलबर्नच्या ग्राउंडवर लख्ख ऊन आणि बाउंड्रीवर पांढरे पक्षी, आणि आपल्याकडे बाहेर अजून कुत्रं भुंकतंय. गिलख्रिस्टचा गिली, हेडनचा हेडॉस, मॅकग्रा म्हणजे पिजन, हे सगळं आम्ही तिथेच शिकलो. रिकी पाँटिंगला पंटर म्हणतात हे कळलं तेव्हा मात्र आमच्यात मोठी चर्चा झालेली. मुंबईच्या मामाच्या भाषेत पंटर म्हणजे कुणा भाईच्या मागे फिरणारा, त्याची कामं करणारा पोऱ्या, त्यामुळे आमचं सगळ्यांचं पक्कं मत की हा स्टीव्ह वॉचा पंटर. पुढे कळलं की तिकडे पंटर म्हणजे रेसवर पैसे लावणारा, पाँटिंगला कुत्र्यांच्या शर्यतींचा नाद, आणि नाव ठेवलं वॉर्नीने. मला अजूनही आमचाच अर्थ जास्त आवडतो.

तर ऑझी. हा शब्द काही पर्यटन खात्याने वगैरे काढलेला नाही, तो पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत रुळला. आणि तिथे त्याचे एकदम तीन अर्थ होते. ऑझी म्हणजे ऑस्ट्रेलिया देश, ऑझी म्हणजे तिथला सैनिक, आणि तिसरा अर्थ असा की वाचल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसलो. ऑझी म्हणजे जखम. मरण येणार नाही पण परत लढायलाही पाठवता येणार नाही, थेट बोटीने घरीच पाठवावं लागेल एवढी मोठी जखम. अमक्याला ऑझी मिळाली, म्हणजे सुटला बिचारा. इंग्रज सैनिक असल्याच जखमेला "ब्लायटी" म्हणायचे, आणि ब्लायटी म्हणजे दुसरं काही नसून आपलं विलायती. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या शिपायांनी विलायत उचललं, त्याचं बिलायती, त्याचं ब्लायटी, आणि ते फ्रान्सच्या चिखलात जाऊन पोचलं. विलायती चिंचेचा सख्खा भाऊ. ज्यांचं घर विलायतेत नव्हतं त्यांनी स्वतःच्या घराच्या नावाने तसाच शब्द केला.

१९१८ च्या जानेवारीत या सैनिकांनी फ्रान्समध्ये, आघाडीवरच, "ऑझी" नावाचं मासिक सुरू केलं, फिलिप हॅरिस नावाचा संपादक, छपाईचं यंत्र सोबत वागवत फिरायचे. बरं, तेव्हा ऑस्ट्रेलियन सैनिकाचं दुसरंही नाव होतं, डिगर, म्हणजे खणणारा. ते आलं १८५० च्या दशकातल्या व्हिक्टोरियातल्या सोन्याच्या खाणींवरून. सोनं खणणारे ते डिगर, मग खंदक खणणारेही डिगर. डिगर हा शब्द पुढे सैनिकांपुरताच राहिला, गणवेश न उतरवता. ऑझी मात्र घरी आली, साध्या कपड्यांत फिरायला लागली. सिडनी ऑलिम्पिकमध्ये, २००० साली, "ऑझी ऑझी ऑझी, ऑय ऑय ऑय" ही आरोळी सगळ्या जगाने ऐकली. मला ती आरोळी काही विशेष आवडत नाही, "गणपती बाप्पा" म्हटल्यावर "मोरया" मध्ये जो दम आहे तो त्या ऑय ऑयमध्ये नाही, पण हे माझं झालं.

इथे एक कबुली द्यायला पाहिजे. आम्ही मराठी लोक इथे आपापसात बोलताना ऑझी (खरं तर ऑसीच, घरात कोण उच्चार सुधारतंय) हा शब्द एकाच अर्थाने वापरतो. गोरे. "शाळेत ऑसी मुलं किती आहेत?" "शेजारी कोण आहे, आपलं की ऑसी?" "ऑफिसच्या पार्टीला गेलो तर सगळे ऑसी, मी एकटाच." हे बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या खिशात निळा ऑस्ट्रेलियन पासपोर्ट आहे. पंधरा-पंधरा वर्षं टॅक्स भरलाय, मतदान केलंय (इथे ते सक्तीचं आहे, नाही केलं तर दंड), आणि तरी ऑसी म्हणजे ते, आपण नाही. मेलबर्नमधल्या ग्रीक आणि इटालियन लोकांनी आमच्या कितीतरी आधी हीच सोय करून ठेवली होती. त्यांना शाळेत "वॉग" म्हणून चिडवायचे, तर त्यांनी उलट गोऱ्या पोरांना "स्किप" म्हणायला सुरुवात केली, स्किपी नावाच्या कांगारूची टीव्हीवर मालिका होती साठच्या दशकाच्या शेवटी, त्यावरून. म्हणजे बाहेरून आलेल्याने इथल्याला नाव ठेवायचं ही रीतच आहे.

अर्थात हे असं वेगळं ठेवणं काही आम्हीच सुरू केलेलं नाही. १९०१ चा कायदा होता, गोरे सोडून बाकीच्यांना बाहेर ठेवायचा, त्यात चक्क डिक्टेशनची परीक्षा घ्यायचे, आणि कुठल्याही युरोपियन भाषेत घ्यायची मुभा, म्हणजे नापास करायचंच ठरवलं की वाट्टेल ती भाषा काढायची. ते धोरण पूर्णपणे संपायला १९७३ उजाडलं. त्या सत्तर वर्षांत ऑझी म्हणजे गोरा हे वेगळं सांगावंच लागत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून लोक आले त्यांनाही सरकारी भाषेत "न्यू ऑस्ट्रेलियन" म्हणायचे. नवी सून कशी दहा वर्षं नवीच असते, तसं.

हा गोरे-बिरे विषय आमच्या जेवणाच्या टेबलावर निघाला तेव्हा मुलगी दहा वर्षांची झालेली. मी बायकोला सांगत होतो की समोरच्या घरात ऑसी फॅमिली आलीय. पोरगी म्हणाली, "बाबा, पहिली गोष्ट म्हणजे ऑझी. आणि दुसरी गोष्ट, या घरात पण ऑझी फॅमिलीच राहते." आणि परत वरण-भात खायला लागली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं मीठ दे.

मग तिने शाळेतली तिसरी गोष्ट पण सांगितली. त्यांच्याकडे दर असेंब्लीला आधी म्हणतात की ही जमीन मूळची बुनुरॉन्ग आणि वाडावुरुंग लोकांची. पन्नास-साठ हजार वर्षं जे इथे राहतायत त्यांना ऑझी म्हणायचं का, असं तिने बाईंना विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या, ते त्यांनाच विचारायला पाहिजे. मला बाईंचं हे उत्तर फार आवडलं.

आणि इथे मला आपल्या मराठी पेपरवाल्यांची आठवण येते. ते ऑसी कमी आणि कांगारू जास्त लिहितात. "कांगारूंची दाणादाण", "कांगारूंची शिकार". लहानपणापासून हेच वाचल्यामुळे मी इथे येऊन विचारलं की या वेळी कांगारूंची बॅटिंग कशी आहे, तर समोरच्याला काहीच कळेना, कारण मेलबर्नमध्ये कांगारूज म्हणजे फुटी (म्हणजे इथला वेगळ्या नियमांचा फुटबॉल) खेळणारा नॉर्थ मेलबर्न क्लब आणि उत्तरेकडे गेलात तर रग्बी लीगची राष्ट्रीय टीम. क्रिकेटवाल्यांना इथे कुणी कांगारू म्हणत नाही. ते आपण म्हणतो.

पण कांगारू शब्द आला कुठून बघा. १७७० मध्ये कॅप्टन कुकचं जहाज खडकावर आपटलं, दुरुस्तीसाठी ते आजच्या कुकटाउनला नदीच्या मुखाशी थांबले, आणि तिथल्या गुगु यिमिथिर लोकांकडून त्यांनी "गंगुर्रू" हा शब्द ऐकून लिहून घेतला. (कांगारू म्हणजे "मला माहीत नाही" ही जी गोष्ट फॉरवर्ड होत असते ती थाप आहे. १९७० च्या दशकात जॉन हॅव्हिलंड नावाच्या भाषातज्ज्ञाने त्या लोकांची भाषा शिकून शोध लावला, तर शब्द खराच होता, एका जातीच्या मोठ्या कांगारूचं नाव.) आणि ऑस्ट्रेलिया हे नाव? ते लॅटिन, दक्षिणेकडचं एवढाच अर्थ, मॅथ्यू फ्लिंडर्सने लावून धरलं आणि १८१७ नंतर सरकारी कागदांवर यायला लागलं. म्हणजे ऑझी हे साहेबाच्या लॅटिनचं लाडकं रूप, आणि आमच्या साताऱ्याच्या पेपरातला उपसंपादक रात्री अकरा वाजता हेडिंग करताना जो शब्द ठोकतो तो मात्र थेट इथल्या मातीतल्या भाषेतला. त्याला हे ठाऊकही नसेल.

गेल्या वर्षी मीही शेवटी अर्ज केला. एवढी वर्षं टाळत होतो, कारण भारत दोन नागरिकत्वं देत नाही, हे घेतलं की ते गेलं, निळा पासपोर्ट द्यायचा आणि निळाच घ्यायचा. कौन्सिलने समारंभाची तारीख दिली, २६ जानेवारी. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्याच दिवशी १७८८ मध्ये आर्थर फिलिप नावाच्या इंग्रज कप्तानाने सिडनीला झेंडा रोवला म्हणून इथे ऑस्ट्रेलिया डे, १९३८ पासून इथले मूळ लोक त्याच दिवशी शोकदिवस पाळतात म्हणून तोही, १९४९ मध्ये "ऑस्ट्रेलियन नागरिक" ही चीज कायद्यात पहिल्यांदा आली तीही याच तारखेला (तोपर्यंत सगळे ब्रिटिश प्रजाजन, म्हणजे ऑझी आधी झाले आणि ऑस्ट्रेलियन तीसेक वर्षांनी), आणि आपला प्रजासत्ताक दिन. एका तारखेवर किती जणांनी सतरंज्या टाकल्यात.

हॉलमध्ये दोनशेएक लोक असतील, बाहेर चाळीस डिग्री. शपथ दोन प्रकारची असते, देवाचं नाव घेऊन किंवा न घेता, मी घेऊन घेतली. महापौरांनी सर्टिफिकेट दिलं आणि सोबत एका छोट्या कुंडीत इथल्या झाडाचं रोप. आईला व्हिडिओ कॉल लावला तर ती नुकतीच सोसायटीचं झेंडावंदन करून आलेली, हातात बुंदीचा लाडू. तिने सर्टिफिकेट नीट बघितलं, नाव बरोबर लिहिलंय का ते वाचून घेतलं, आणि म्हणाली, "बरं झालं. जेवलास का?" रडेल असं मला वाटलं होतं. मग म्हणाली, "म्हणजे आता तू पण आजी."

घरी आलो तर शेजारचा म्हातारा कुंपणाशी. रोप बघून त्याला कळलंच. हात पुढे केला, "गुड ऑन या, मॅन्डो," म्हणाला, आणि मग बराच वेळ ते रोप उन्हात ठेवायचं की सावलीत यावर बोलत राहिला. ऑझीबिझी काही म्हणाला नाही. मीही त्या शब्दाची वाट बघत होतो हे मला त्या वेळी लक्षात आलं, आणि जरा लाजही वाटली.

रात्री साताऱ्याहून पक्याचा फोन. आईने पेठेत बातमी पोचवलेलीच होती.

"काय मंद्या, कांगारू झालास म्हणे?"

"झालो."

"मग आता मॅचला कुणाकडून?"

"पक्या, इथे रात्रीचे बारा वाजलेत."

"ते सोड. कुणाकडून ते सांग."